तक्तपोशीवरचा तंतू: कॅनबेरातील ॲस्बेस्टॉस आणि ते काढण्याची दोन कंत्राटे

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा उंचावर वसलेली असल्याने तेथील हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली उतरतो, आणि विटांच्या एकमजली घरांत राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांना छतातून निसटणारी ऊब अडवण्याचा काही स्वस्त उपाय हवाच होता. १९६८ पासून सुमारे दशकभर डी. जॅन्सन अँड कंपनी या स्थानिक पेढीने तो पुरवला. पेढीची माणसे घरी येत आणि तक्तपोशी व कौले यांच्यामधल्या पोकळीत नळीवाटे सुटे ॲस्बेस्टॉस फुंकून भरत. पिंजलेल्या कापसासारख्या दिसणाऱ्या या मालामुळे पुढे या व्यवसायाला ‘मिस्टर फ्लफी’ हे टोपणनाव पडले आणि इतिहासात तेच रूढ झाले.

ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणाऱ्या काही तंतुमय खनिजांचे सामूहिक नाव असून ती जळत नाहीत, कुजत नाहीत आणि उष्णता सहजी वाहून नेत नाहीत. महाराष्ट्रातील वाचकाला ते परिचित आहे ते प्रामुख्याने छपरावरच्या सिमेंटच्या पत्र्यांमुळे. मात्र त्या पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये जखडलेला असतो आणि पत्रा फुटेपर्यंत, कापला जाईपर्यंत किंवा झिजेपर्यंत तो बहुतांशी तेथेच राहतो. कॅनबेरातील मालाला असा कोणताही बांध नव्हता. तो मुख्यत्वे अमोसाइट, म्हणजे तपकिरी ॲस्बेस्टॉस होता, आणि त्याचे नजरेला न दिसणारे सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात गेले की तेथे रुतून बसत. त्यांच्यामुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग बहुधा तीसचाळीस वर्षांनी प्रकट होतो, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची गाठ घालणे सामान्य घरमालकाच्या आवाक्यातले नव्हते.

शासनाच्या आवाक्यात मात्र ते होते. दक्षिण आफ्रिकेतील खाणपट्ट्यातल्या मेसोथेलिओमाच्या रुग्णांविषयीचा ख्रिस वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९६० मध्येच प्रसिद्ध झाला होता, आणि खुद्द कॅनबेरात १९६८ मध्ये, हा धंदा जेमतेम सुरू झालेला असताना, केंद्रीय आरोग्य खात्यातील एका तज्ज्ञाने या मालाची पाहणी करून त्याचा असा वापर रोखावा, असे मत लेखी नोंदवले होते. राजधानीचा प्रदेश तेव्हा थेट केंद्राच्या कारभाराखाली होता, म्हणजे इशारा देणारे आणि बंदी घालू शकणारे एकाच सरकारचे नोकर होते. तरीही धंदा चालूच राहिला. पुढच्या सगळ्या खर्चाचे मूळ या कागदाच्या उपेक्षेत शोधणे अन्यायाचे ठरू नये.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारने सार्वजनिक खर्चाने हा माल काढून घेण्याचे ठरवले. १९८० पूर्वी बांधलेली सुमारे ६५,००० घरे तपासण्यात आली, त्यांतली हजारांहून अधिक घरे बाधित निघाली, आणि १९९३ पर्यंत चाललेल्या या मोहिमेवर सुमारे दहा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाले. कंत्राटदारांची कार्यपद्धती त्या काळाच्या मानाने काटेकोर होती: घर बाहेरून आच्छादून घ्यायचे, छप्पर उघडायचे, संरक्षक पोशाखातील कामगारांनी पोकळीतला तंतू यंत्राने शोषून घ्यायचा, आणि उरलासुरला तंतू लाकडाला चिकटून राहावा म्हणून वर गोंदासारख्या द्रावणाचा फवारा मारायचा. काम संपल्यावर घरमालकाच्या हाती दाखला पडे. त्याच्या भरवशावर पुढची वीस वर्षे ही घरे विकली गेली, भाड्याने दिली गेली, त्यांत नव्या खोल्या निघाल्या आणि जुन्या भिंती फुटल्या.

या मोहिमेचे अपयश कारागिरीचे होते असे म्हणता येत नाही. दोष कामाच्या व्याप्तीत होता. कंत्राट दृश्य आणि हात पोचेल अशा ठिकाणचे ॲस्बेस्टॉस काढण्याचे होते. परंतु या घरांच्या बाहेरच्या विटांच्या भिंती आणि आतला लाकडी सांगाडा यांच्यामध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत होती, आणि छतातला सुटा तंतू वर्षानुवर्षे त्या पोकळीतून खाली झिरपत जमिनीच्या फळ्यांखालपर्यंत उतरला होता. तेथे नळी पोचत नव्हती आणि दाखल्यातही त्या जागेची हमी नव्हती. पण घर घेणारा गृहस्थ दाखल्यातले मर्यादेचे कलम वाचून भिंतीच्या आतल्या भागाची चिंता करील, अशी अपेक्षा कोणी ठेवली असेल असे वाटत नाही.

पहिल्या मोहिमेतून निसटलेले डाउनर उपनगरातील एक घर पुढे सापडले, आणि ते थराथराने उकलले गेले तेव्हा तंतू किती दूरवर पसरतो हे उघड झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये बाधित घरांच्या मालकांना इशाऱ्याची पत्रे गेली. नंतरच्या तपासण्यांत काही घरांच्या राहत्या खोल्यांतही तंतू आढळले आणि तेथील कुटुंबांना चीजवस्तू मागे टाकून बाहेर पडावे लागले. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला प्रादेशिक सरकारने जाहीर केलेल्या योजनेचा गाभा हा होता की, घर स्वच्छ करण्याचा नाद सोडून घरच काढून टाकायचे. सरकारने घरे, त्यांत ॲस्बेस्टॉस नाहीच असे गृहीत धरून, त्या दिवशीच्या बाजारभावाने विकत घेतली, आणि त्यासाठी केंद्राकडून शंभर कोटी डॉलरचे कर्ज काढले. पाडकामही परवानाधारक कंत्राटदारांकडेच गेले: आधी आतली आवरणे उतरवून तंतू बांधून ठेवायचा, मग पाण्याच्या फवाऱ्याखाली इमारत पाडायची आणि शेवटी भूखंडाच्या मातीचा वरचा थरही खरवडून न्यायचा.

दरम्यान देशभरातील कायदाही बदलला होता. २००३ च्या अखेरीस ॲस्बेस्टॉसच्या वापरावर पूर्ण बंदी आली, आणि २०११ च्या आदर्श नियमावलीने काढणाऱ्यांचे दोन वर्ग केले. सुटा किंवा हाताने चुरगळणारा माल केवळ ‘अ’ वर्गाचा परवानाधारक काढू शकतो, आणि सिमेंटमध्ये बांधलेला माल दहा चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर ‘ब’ वर्गाचा परवाना पुरतो. परवान्याच्या कामानंतर जागा वापरण्यायोग्य असल्याचा दाखला काढणाऱ्या कंत्राटदाराने स्वतः द्यायचा नसून त्याच्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाने द्यायचा असतो, ही त्यातली सर्वांत मोलाची तरतूद. मात्र कॅनबेरातल्या गफलतीवर तिचा पुरता इलाज होत नाही, कारण तज्ज्ञ कितीही निःपक्षपाती असला तरी तो तपासतो ती करारात नमूद केलेली जागा, आणि ती जागा घराच्या नेमक्या कोणत्या भागापर्यंत धरायची हे काम सुरू होण्याआधीच ठरलेले असते.

मोकळे झालेले भूखंड पुन्हा विक्रीस निघाले तेव्हा पहिला हक्क मूळ मालकांचा होता, पण चालू बाजारभावाने.