पुण्याचे पाणी: राखणार कोण?

१/ कात्रजचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत कसे पोहोचले, हे पुष्कळांना ठाऊक असते. ते राखायचे कोणी आणि त्यावर हक्क कोणाचा, हे मात्र क्वचितच विचारले जाते. हा धागा त्याविषयी.

२/ इ. स. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधवून दगडी बांधणीचा भूमिगत नळ शहरात आणला. पाणी केवळ उताराच्या बळावर वाहत असे. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास होते. त्यांतून आत हवा खेळे आणि माणसाला उतरून गाळही काढता येई.

३/ हे पाणी काळा हौद, बदामी हौद अशा हौदांत पडे. पुढे नाना फडणवीसांनी नऱ्हे-आंबेगावहून आणखी एक नळ आणला. हौद पेठेच्या नजरेसमोर असल्याने पाणी आटले वा गढुळले तर ते लागलीच कळे.

४/ परंतु ‘पेठ’ म्हणजे सर्व पुणेकर नव्हेत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला सार्वजनिक पाणवठ्यांवर मज्जाव होता. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद या समाजासाठी खुला केला. पाण्याशी नाते जडते ते हक्कातून. त्या हौदाने हेच दाखवून दिले.

५/ १८७०च्या दशकात खडकवासल्याचे धरण उभे राहिले आणि मुठा उजवा कालवा शहराच्या दक्षिण अंगाने दौंड-इंदापूरकडे निघाला. पाणी मुबलक झाले. कारभार मात्र सरकारी खात्याकडे गेला. घरोघरी नळ आले, तसे हौद विस्मरणात गेले.

६/ २७ सप्टेंबर २०१८. जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या परिसरातील शेकडो घरांत पाणी शिरले. अशा भिंतीतला पाझर सर्वांआधी दिसू शकतो तो तिच्या कुशीत राहणाऱ्यांनाच. पण त्यांचे म्हणणे कोणत्या बैठकीत मांडले जाणार?

७/ राज्याच्या २००५च्या कायद्याने लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना सिंचनाच्या व्यवस्थापनात स्थान दिले. म्हणजे कालव्याच्या कारभारात लोकांना वाटा देणे अशक्य नाही. मात्र ही सदस्यता ओलिताच्या जमिनीशी बांधलेली आहे. कालव्याकाठी खोली असलेला शहरवासी तिच्यात बसत नाही.

८/ नदीकाठी गेल्या दशकात वेगळी वाट दिसते. ‘जीवितनदी’ संस्थेच्या पुढाकाराने विठ्ठलवाडीला मुठेचा, तर औंधला मुळेचा काठ नागरिकांनी दत्तक घेतला. तेथे ते कचरा उचलतात, झाडे-पक्षी ओळखतात आणि घरातली कोणती रसायने सांडपाण्यावाटे नदीत जातात, हे इतरांना समजावतात.

९/ मात्र श्रमदानाने प्लास्टिक निघते, नाल्यांतून येणारे मैलापाणी थांबत नाही. ते अडवणे महापालिकेचेच काम, आणि त्याचा जाब विचारणे काठावरच्या माणसाचे. त्याच्या हाती केवळ झाडू देऊन भागणार नाही. निर्णयाच्या बैठकीत त्याला जागाही हवी. पाण्यावरचा हक्क नाकारून पाण्याची राखण मागता येत नाही.