वाळवंटातल्या खाणीत माशांचे काटे

बोंबील असो की जवळा, त्यातलं पाणी उन्हानं ओढून घेतलं की तो टिकतो, हे खारदांड्यातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. कोरडेपणा वस्तू राखतो. वाळवंटात तर तो हजारो वर्षं राखतो. त्याच जोरावर एका जुन्या खाणीचं वय कसं निघालं, ते आज सांगते.

इस्राएलच्या दक्षिणेला नेगेवचं वाळवंट आहे. आपल्या कोकणातून गेलेली बेने इस्राएल कुटुंबं तिथल्या दिमोना, बेअरशेबा या गावांत राहतात. त्यांच्याही खूप खाली, एलात बंदराच्या सुमारे 25 किलोमीटर अलीकडे, तिम्ना नावाचं खोरं आहे. तिथे तांब्याच्या खाणींची हजारो जुनी भोकं आहेत.

आता खाणीचं वय काढायचं कसं? खाण म्हणजे शेवटी भोकच. दगड कोट्यवधी वर्षांचा, पण तो माणसानं कधी फोडला हे दगड सांगत नाही. शिवाय नंतरच्या लोकांनी तेच भोक मोठं केलं की आधीच्यांच्या खुणा पुसल्या जातात. म्हणून शोधायचं ते खाणवाल्यांनी मागे टाकलेलं सामान.

1930च्या दशकात नेल्सन ग्लुएक हे अमेरिकन संशोधक तिथे फिरले. खापरं पाहून त्यांनी ठरवलं की या खाणी इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातल्या, म्हणजे बायबलमधल्या शलमोन राजाच्या काळच्या. एका टेकडीवर भट्ट्या होत्या आणि भोवती भिंत होती. एवढ्या उन्हात भट्टीपुढे राबणारे गुलामच असणार आणि ते पळू नयेत म्हणून भिंत असणार, असं त्यांना वाटलं. टेकडीचं नाव पडलं ‘गुलामांची टेकडी’.

पुढे 1969 साली बेनो रोथेनबर्ग यांना त्याच खोऱ्यात हाथोर या इजिप्तच्या देवीचं छोटं देऊळ सापडलं. त्यात इजिप्तच्या राजांची नावं कोरलेल्या वस्तू होत्या, शलमोनाच्या दोन-तीनशे वर्षं आधीच्या. झालं! मग सगळ्या खाणी इजिप्तच्याच, असं मानलं गेलं. एका देवळाचं वय अख्ख्या खोऱ्याला चिकटलं.

2013 साली तेल अवीव विद्यापीठाच्या एरेझ बेन-योसेफ यांच्या गटानं ती टेकडी खणली आणि खजुराच्या बियांसारख्या वस्तू तपासायला पाठवल्या. बियाच का? तर झाड किंवा जनावर जिवंत असताना त्याच्यात एक प्रकारचा कार्बन येत राहतो. ते मेलं की तो ठरलेल्या गतीनं घटतो, 5,730 वर्षांत निम्मा होतो. किती उरला ते मोजलं की वय कळतं. भट्टीतला कोळसाही मोजता येतो, पण ते लाकूड जुन्या झाडाचं असलं तर वय फसतं. खजुराची बी मात्र एकाच हंगामाची असते. त्या बियांनी सांगितलं, ही टेकडी इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातली. खोरं एकच, पण तिथे काम एकाहून अधिक काळांत चाललेलं.

आणि गुलामांचं काय? त्याचं उत्तर उष्ट्या-खरकट्यात मिळालं. भट्टीवाल्यांच्या जेवणाच्या जागी शेळ्या-मेंढ्यांची हाडं होती, तीही चांगल्या मांसाच्या भागांची. सोबत माशांचे काटे होते आणि तो मासा भूमध्य समुद्राकडचा, म्हणजे सुमारे 200 किलोमीटर वाळवंट तुडवून आणलेला! तिथे मिळालेल्या कापडाच्या तुकड्यांवर समुद्री गोगलगायीपासून काढलेला जांभळा रंग होता, त्या काळचा फार महागडा. गाढवांच्या वाळलेल्या लेंड्यांत द्राक्षांचा चोथा निघाला. म्हणजे जनावरांचा चारासुद्धा दुरून येत होता.

गुलामाला कोण असं खाऊ घालतं? दगडातून तांबं वितळवायला भट्टीची आच, वारा, वेळ सगळं नेमकं जमावं लागतं. ते जाणणारे कारागीर होते आणि त्यांचा मान राखला जात होता. भिंत त्यांना कोंडायला नसून त्यांच्या आणि तांब्याच्या रक्षणासाठी होती, असं बेन-योसेफ म्हणतात. हे लोक बहुधा अदोम या टोळीराज्याचे. शलमोनाचं नाव तिथे कुठेही कोरलेलं मिळालेलं नाही. काळ जुळला म्हणून मालक ठरत नाही.

मैत्रिणींनो, अंगाला घामाचा आणि धुराचा वास आला की त्या माणसाला हलकं समजायची सवय जुनीच. आपल्या टोपलीच्या वासावरून नाक मुरडणारे आपणही पाहतोच. तिम्नात राजाच्या गोष्टीनं आणि देवीच्या देवळानं जे सांगितलं नाही, ते माशांच्या काट्यांनी सांगितलं. त्या टेकडीचं नाव मात्र अजून ‘गुलामांची टेकडी’च आहे. तुम्हाला नाव द्यायला सांगितलं, तर काय द्याल?