बाटलीवरचा शब्द

आमच्या आक्का, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, बेळगावात राहायच्या. साठीला आल्या तेव्हा त्यांना शुगर निघाली. काही वर्षं गोळ्यांवर भागलं, मग डॉक्टरांनी इन्शुलिन सांगितलं. माझ्या भावाने बाटलीवरचं लेबल वाचलं आणि बोलून गेला, "बोव्हाइन! म्हणजे गाईबैलांचं." आक्का दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत, कांदा-बटाटा घरात येत नसे. त्या काहीच बोलल्या नाहीत. पण पुढचे आठ दिवस त्यांनी सुई टोचून घेतली नाही.

लेबल चुकीचं नव्हतं. इन्शुलिनचा इतिहास प्राण्यांच्या स्वादुपिंडाचाच इतिहास आहे. पोटात जठराच्या मागे आडवी पडलेली ही ग्रंथी अन्न पचवणारा रस करते, एवढंच आधी ठाऊक होतं. १८८९ साली स्ट्रासबर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. शिकवलेला कुत्रा, पण तो जागोजागी लघवी करू लागला. तपासली तर साखर! लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या वैद्यांनी फार पूर्वी टिपलं होतं, रोगाला मधुमेह हे नावही दिलं होतं. पण रोगाचं मूळ स्वादुपिंडात असू शकतं, हे त्या कुत्र्यामुळे कळलं.

कळलं, तरी औषध मिळायला आणखी तीस वर्षं गेली. त्या काळात मधुमेही मुलांना अमेरिकेत डॉक्टर फ्रेडरिक ॲलन उपाशी ठेवायचे. साखर वाढू नये म्हणून इतकं कमी खायला द्यायचं, की मूल जगेल पण वाळत जाईल. एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी १९२२ च्या ऑगस्टमध्ये टोरांटोला आली तेव्हा पंधराव्या वर्षात होती आणि वजन होतं जेमतेम २० किलो. पर्युषणात आम्ही उपवास करतो, आक्का तर दहाही दिवस एकासन करायच्या. पण तो आपल्या मनाने केलेला असतो. या मुलांचा उपवास मला वाचवत नाही.

टोरांटोत १९२१ च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच काम सुरू केलं. स्वादुपिंडाची नळी बांधायची, पाचक रस करणाऱ्या पेशी सुकल्या की उरलेल्या भागाचा अर्क काढायचा, अशी कल्पना. कितीतरी कुत्री मेली. मार्जोरी नावाची एक कुत्री स्वादुपिंडाविना सुमारे ७० दिवस जगली. मग त्यांनी कत्तलखान्यातून न जन्मलेल्या वासरांची स्वादुपिंडं आणली. हे लिहिताना माझाही हात अडखळतो. ११ जानेवारी १९२२ ला चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिली सुई दिली, तिची गाठ झाली आणि फायदा बेताचाच. कॉलिपने अल्कोहोल वापरून अर्क शुद्ध केला. २३ तारखेला पुन्हा सुया सुरू केल्या आणि साखर उतरली. लिओनार्ड आणखी तेरा वर्षं जगला. एलिझाबेथ १९८१ पर्यंत जगली. तिने आयुष्यात सुमारे ४२ हजार सुया घेतल्या. पेटंट संशोधकांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं, ही गोष्ट मला नोबेलपेक्षा मोठी वाटते.

पण साठ वर्षं माल आला कत्तलखान्यातूनच. पाव किलो शुद्ध इन्शुलिन काढायला डुकरांच्या दोन टनांहून जास्त ग्रंथी लागत. तेव्हा आक्कांचं थांबणं अडाणीपणाचं होतं, असं मी कधी म्हणणार नाही. बाटलीत काय आहे, हे घरात फक्त त्यांनीच मनावर घेतलं होतं.

नवव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "दे गं, टोच. पण आधी णमोकार म्हणू दे." पुढे रोज तसंच. घातलेली बाटली कुणी त्यांच्यासमोर ठेवली तर पदराने झाकायच्या.

आक्का १९७९ साली गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत माणसाच्या इन्शुलिनचा जनुक जिवाणूत घालून ते तयार करण्यात यश आलं होतं. १९८२ ला त्याला विक्रीची परवानगी मिळाली. जिवाणू म्हणजे जीवच की, असं आक्का नक्की म्हणाल्या असत्या. आपल्याकडे गुरांचं इन्शुलिन त्यानंतरही बरीच वर्षं मिळत होतं. आता मलाही शुगर आहे. माझ्या बाटलीवर 'ह्यूमन' लिहिलेलं असतं. टोचण्याआधी मी ते वाचते, आणि णमोकारही म्हणते.