न्यूटचे भ्रूण आणि मिठाचें पाणी

न्यूट हा बेडकाच्या गोत्रांतील, परंतु शेपूट आयुष्यभर राखणारा, युरोपांतील डबक्यांत आढळणारा लहानसा प्राणी होय. त्याच्या अंड्यावर चिकट, पारदर्शक वेष्टन असतें. आंतील जिवाचें तें चिलखतच म्हणावयाचें. १९२१ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें हान्स श्पेमान यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड हिला तें काढावें लागलें. कारण फिकट न्यूटच्या भ्रूणाचा एक कण गडद न्यूटच्या भ्रूणाच्या पोटाकडील बाजूस बसवावयाचा होता. कांहीं भ्रूणांच्या पोटावर खरोखरच दुसरा भ्रूण आकारूं लागला! शेजारच्या पेशींना शरीररचनेची दिशा देणारा भाग त्यामुळें सांपडला.

पण उघडे पडलेले भ्रूण टिकेनात. कांहीं फुटत, कांहीं जंतूंमुळें सडत. पोहणाऱ्या पिलाची अवस्था येण्यापूर्वींच ते मरत. विणीचा हंगाम वसंतांतला. तो हुकला कीं वर्षभर थांबणें आलें. १९२४ सालीं प्रबंध छापला गेला आणि त्याच वर्षीं शेगडीच्या स्फोटांत भाजून हिल्डे निवर्तली. ती अवघी २५ वर्षांची होती. १९३५ चें नोबेल पारितोषिक एकट्या श्पेमान यांना मिळालें.

भ्रूण जगविण्याचा उपाय श्पेमान यांचेच शिष्य योहान्नेस होल्टफ्रेटर यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केला. उपाय दिसावयास अगदीं साधा: निर्जंतुक पाण्यांत लिटरमागें सुमारें ३.५ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम व कॅल्शियमचे क्षार आणि थोडा खाण्याचा सोडा. त्यांत जखमा भरून येत, भ्रूण फुटत नसत. प्रयोगशाळांत होल्टफ्रेटर यांच्या नांवाचें तें द्रावण आजही वापरतात.