संगणकातील टंचाई

टंचाई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाणी, धान्य आणि रॉकेल येते. परंतु ज्या संगणकावर आज आपली पत्रे व हिशेब लिहिले जातात, त्याच्या पोटातही एक टंचाई नांदत असते. ती मेमरीची, म्हणजे चालू कामासाठी हाताशी ठेवलेल्या जागेची. ही जागा संपत आली की प्रोग्रॅमांनी कसे वागावे, या प्रश्नाचा थोडा इतिहास आम्ही आज पाहणार आहोत.

मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या 'अ‍ॅटलस' संगणकाचे उद्घाटन डिसेंबर १९६२ मध्ये झाले. त्याची वेगवान मेमरी लहान, तर फिरत्या ड्रमवरील मेमरी मोठी पण संथ होती. यंत्रच गरजेप्रमाणे मजकुराची पाने ड्रमवरून आणी व परत ठेवी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सारे एकच भांडार दिसे. गृहिणी कोठारातले धान्य लागेल तसे फडताळात आणते, तसाच हा प्रकार.

पण प्रत्येकाची मागणी वाढली, की यंत्राचा वेळ ने-आण करण्यातच जातो आणि काम ठप्प होते. अमेरिकेत पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये याची मीमांसा केली. प्रत्येक कामाला त्या त्या वेळी पानांचा ठराविक संच लागतो. तो मावत नसेल तर नवे काम सुरूच करू नये, असा त्यांच्या विचाराचा रोख होता.

१९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशपाशी अवघी १२८ किलोबाइट मेमरी होती. तेथे प्रोग्रॅमला आपल्या काही सामानावर आधीच खूण करता येई, की अडचण पडल्यास हे खुशाल टाकावे, डिस्कवरून पुन्हा आणता येईल. गरिबीने शिकवलेला हा विवेक पुढे सुबत्तेत मागे पडला. लिनक्समध्ये जागा पुरती संपली की व्यवस्थाच एखादा प्रोग्रॅम, बहुधा सर्वांत जास्त जागा अडवणारा, निवडून बंद पाडते. त्यात कोणाचे तीन तासांचे लेखन जतन व्हायचे राहिले आहे, हे तिला ठाऊक नसते.

म्हणून इशारा आधी मिळणे अगत्याचे ठरले. २००१ च्या विंडोज एक्सपीत तशी सूचना मागण्याची सोय आली. डिसेंबर २०१८ मध्ये लिनक्स ४.२० ने जागेअभावी कामे किती वेळ अडतात हे मोजण्यास आरंभ केला. २०२० मध्ये 'जीलिब'च्या २.६४ या आवृत्तीने डेस्कटॉपवरील प्रोग्रॅमांना असा इशारा ऐकण्याचा मार्ग दिला.

इशारा ऐकल्यावर काय करावे? चित्रांच्या प्रतींसारखे जे पुन्हा तयार करता येते ते टाकावे, जड काम पुढे ढकलावे, आणि माणसाचे लेखन ताबडतोब डिस्कवर उतरवावे. हे लेखन टाकण्याचा अधिकार प्रोग्रॅमला नाही. आणि हे वेळेवर व्हावे, कारण आवरासावर करायलाही थोडी जागा लागतेच.

मात्र इशारा ऐकण्याची सक्ती कोणावर नाही. एकाने सोडलेली जागा शेजारचा प्रोग्रॅम बळकावू शकतो. सार्वजनिक नळावर आपण जो प्रश्न रोज पाहिला, तोच येथेही आहे. आणि तो केवळ यंत्राने सुटेल असे आम्हांला वाटत नाही.