काचेपलीकडचे दुखणे
खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या रोगनिदानाचा इतिहास

टाकीत ठेवलेला खाऱ्या पाण्यातला मासा आजारी पडतो, तेव्हा बहुतेक वेळा अंगाआधी त्याचे वागणे बिघडते. तो दगडाला अंग घासतो, वर येऊन तोंडाची उघडझाप करतो, पंपाच्या झोतासमोर एकाच जागी उभा राहतो, खाणे टाकतो, कोपरा धरतो. लक्षणे इतकीच, आणि ती निर्माण करणारी कारणे मात्र डझनभर. पाणी बिघडले आहे की माशाला काही जडले आहे, हा या क्षेत्रातला सर्वांत जुना प्रश्न आहे.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 मध्ये मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे मत्स्यालयावरचे पुस्तक आले. त्या काळात मासा मेला की दोष पाण्याला दिला जाई. तो बहुधा बरोबरही असे, कारण टाकीतले मासे गुदमरून मरत. याला पदार्थविज्ञानाचा आधार आहे. 25 अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. शिवाय समुद्राचे पाणी अल्कधर्मी, त्यामुळे माशांच्या उत्सर्जनातून आणि सडलेल्या अन्नातून तयार होणारा अमोनिया तिथे जास्त विषारी ठरतो. गोड्या पाण्यातली टाकी जे चालवून घेते, ते खारी टाकी चालवून घेत नाही.

भारतात मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर 1909 साली सागरी मत्स्यालय सुरू झाले. मुंबईला त्यासाठी 1951 उजाडावे लागले. मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या उभारणीला सुमारे आठ लाख रुपये लागले. त्यांतले दोन लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूरांनी दिले होते, म्हणून नाव त्यांचे. उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे असलेल्या या वास्तूला सागरी जीवशास्त्राच्या संशोधन केंद्राची जोड होती. पाहायला येणाऱ्या गर्दीला त्याची फारशी कल्पना नसे. गोब्रा, पाकट, वाम हे मासे मुंबईकरांना बाजारातून ओळखीचे होते, पण जिवंत आणि समोरासमोर ते इथेच दिसले.

मुंबईच्या किनाऱ्यावर खाऱ्या टाक्या सांभाळताना पावसाळा ही वेगळीच परीक्षा असते. खाड्यांमधून गोडे पाणी आणि शहराचा गाळ येतो, किनाऱ्याजवळच्या पाण्याची क्षारता उतरते. एरवी हजार भागांत 35च्या आसपास असलेले मीठ झपाट्याने कमी झाले की मासे सुस्तावतात, रंग टाकतात. हे दुखणे नव्हे, ऋतूचा परिणाम आहे. तो ओळखता आला नाही तर निरोगी माशावर औषधाचा मारा होतो.

पाण्याखेरीज दुसरे काही असते, हे ठरायला विसावे शतक उजाडले. लंडनच्या मत्स्यालयात एलिनॉर ब्राउन यांनी 1931 मध्ये कल्ल्यांना चिकटणारा एक एकपेशीय परजीवी वर्णिला. आज त्याला अमायलोओडिनियम म्हणतात आणि मत्स्यपालक त्या रोगाला ‘व्हेल्व्हेट’ म्हणून ओळखतात. अंगावर सोनेरी पीठ भुरभुरल्यासारखे दिसते, पण पुष्कळदा ते दिसण्याआधीच मासा मेलेला असतो, कारण परजीवी आधी कल्ल्यांत घर करतो. धाप लागणे आणि झोतात उभे राहणे यांचा अर्थ तेव्हा लागला. कोळणीकडे मासा घेताना गिऱ्हाईक कल्ला उचलून त्याचा लाल रंग पाहते. रोगतज्ज्ञही आधी तिथेच पाहतो, फक्त त्याच्या हाती सूक्ष्मदर्शक असतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग याहून फसवा. जपानमध्ये सिकामा यांनी 1937 मध्ये त्याचे वर्णन केले आणि ब्राउन यांनी 1951 मध्ये, म्हणजे तारापोरवाला उघडले त्याच वर्षी, परजीवीला क्रिप्टोकॅरिऑन हे नाव दिले. मिठाच्या कणाएवढे ठिपके माशावर तीन ते सात दिवस राहतात आणि मग गळून पडतात. मासा बरा झाला असे वाटून मालक निर्धास्त होतो. परजीवी मात्र वाळूत कवच करून विभागत असतो आणि पुढच्या पिढीची शेकडो पिल्ले अनेकदा पहाटेच्या अंधारात बाहेर पडतात, जेव्हा मासे तळाशी निजलेले असतात. दुसरा हल्ला पहिल्यापेक्षा मोठा असतो. ‘औषधाने गुण आला होता, मग पुन्हा झाले’ ही तक्रार जगभर याच चक्रातून निघते.

उपाय 1955 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातून आला. रॉबर्ट डेम्पस्टर यांनी व्हेल्व्हेटवर मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, वापरून दाखवले. पुढे तांब्याचे प्रमाण लिटरमागे 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम ठेवायचा प्रघात पडला. त्याहून कमी पडले तर रोग जात नाही, फार वाढले तर मासा जातो. प्रवाळ आणि कोळंब्या मात्र या प्रमाणातही टिकत नाहीत. आणखी एक खोड आहे: चुन्याचा दगड पाण्यातले तांबे शोषतो. विदर्भातल्या वणीजवळच्या राजूरसारख्या, चुनखडी आणि चुनाभट्ट्यांच्या गावी टाकी सजवायची तर कुणीही तिथलाच दगड टाकेल आणि मोजून घातलेले औषध त्या दगडात मुरेल. म्हणूनच उपचाराची टाकी उघडीबोडकी ठेवतात.

रोगांची यादी लांबत गेली तशी उलटी चूकही वाढली, निरोगी वागण्याला रोग समजण्याची. क्लाउनफिश मादीपुढे थरथरते, ते दुखणे नसून शरणागती असते. नर-मादीची ही उतरंड आणि त्यांचा लिंगबदल फ्रिक दांपत्याने 1977 मध्ये सविस्तर मांडला. काही रॅस मासे रात्री वाळूत गडप होतात, सफाई करणाऱ्या माशापुढे मासे डोके खाली करून तरंगतात, पोपटमासा निजताना श्लेष्माची पिशवी पांघरतो. नवा आणलेला मासा चार दिवस दडून बसतो. यातले काहीही रोगाच्या खात्यात मांडायचे नाही. निरोगी मासा कसा वागतो, हे ठाऊक असल्याशिवाय निदान पुढे सरकत नाही.

कारण शोधताना उपयोगी पडणारी जुनी कसोटी साधी आहे. सगळे मासे एकदम वर येऊन धापा टाकू लागले, तर पाणी किंवा वीज तपासायची. विदर्भात भारनियमनाच्या दिवसांत पंप तासन्‌तास बंद पडत, तेव्हा असेच होई. एकेक मासा आजारी पडत गेला, तर परजीवीचा संशय धरायचा. एकच मासा बिघडला आणि बाकीचे ठीक असले, तर जखम, दादागिरी किंवा वय. अमोनिया, क्षारता आणि तापमान मोजल्याशिवाय औषधाच्या बाटलीला हात लावायचा नाही, हा क्रम जगभर आता मान्य झाला आहे.

महाराष्ट्रात मत्स्यरोगांचे रीतसर शिक्षण वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत, स्थापना 1961, आणि कोकण कृषी विद्यापीठाच्या रत्नागिरीतील मत्स्य महाविद्यालयात, स्थापना 1981, मिळते. तारापोरवाला नूतनीकरणानंतर 2015 मध्ये पुन्हा उघडले, मात्र 2020च्या साथीत बंद झाले. दरम्यान घरगुती खाऱ्या टाक्या समुद्रापासून कोसो दूर, पुडीतल्या मिठाचे पाणी करून, आतल्या जिल्ह्यांपर्यंत पोचल्या. तिथून नमुना प्रयोगशाळेत नेणे जवळपास निरुपयोगी ठरते: मासा मेल्यावर थोड्याच तासांत परजीवी त्याला सोडून जातात आणि बर्फातल्या माशावर पाहण्यासारखे काही उरत नाही. खरवड जिवंत माशाच्याच अंगावरून घ्यावी लागते. ती घेणारा जवळ नसेल, तर तज्ज्ञाला मोबाइलवर टिपलेली हालचाल पाठवली जाते, सोबत त्या दिवशीचे पाण्याचे आकडे.