गळ्यातली पाटी

जपानच्या मुख्य बेटांपासून तैवानपर्यंत एक बेटांची माळ पसरली आहे. ही र्‍यूक्यू बेटे. हवा उपोष्ण, रीतिरिवाज वेगळे. १८१६ साली बेझिल हॉल हा ब्रिटिश कप्तान तेथे आला, तेव्हा बेटांवर स्वतःचा राजा होता. सुमारे सहा आठवड्यांच्या मुक्कामात त्याचा सहकारी क्लिफर्ड याने तेथील शब्द टिपून घेतले. १८१८ मध्ये हॉलच्या प्रवासवर्णनाबरोबर ती शब्दसूची छापली गेली.

१८७९ मध्ये जपानने हे राज्य खालसा करून त्याचा ओकिनावा प्रांत बनवला. १८९३ मध्ये हॉलच्या मुलीचा मुलगा, भाषाभ्यासक बेझिल हॉल चेंबरलेन, आजोबांच्या वाटेने तेथे गेला. त्याने १८९५ मध्ये या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. ही बिघडलेली जपानी नव्हे, जपानीची बहीण आहे, असे त्याने दाखवले.

याचा पुरावा फळ्यावरही मांडता येईल. पावसाला जपानीत ‘आमे’, ओकिनावात ‘आमी’. तांदूळ ‘कोमे’, तिकडे ‘कुमी’. मन ‘कोकोरो’, तिकडे ‘कुकुरु’. ए-च्या जागी इ, ओ-च्या जागी उ. चुका अशा नियमाने होत नसतात!

शाळांनी मात्र त्या चुकाच मानल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवली जाई. दुसरे कोणी तसे बोलताना सापडले, की पाटी त्याच्या गळ्यात. म्हणजे सुटका हवी असेल, तर मित्राच्या बोलण्यावर कान ठेवायचा. मुख्य बेटांवर कामाला जाणाऱ्यांची भाषेवरून हेटाळणी होई. मुलांचे भले व्हावे, असे शिक्षकांना वाटतही असेल. पण ही पाटी दुसऱ्या महायुद्धानंतरही काही शाळांत टिकून होती. त्या मुलांनी पुढे आपल्या मुलांशी जपानीच बोलणे पसंत केले.

२००९ मध्ये युनेस्कोने या बेटांवरील सहा भाषा धोक्यात असल्याचे नोंदवले. त्याआधी, २००६ मध्ये, ओकिनावाने १८ सप्टेंबर हा ‘शिमाकुतुबा’ म्हणजे बेटभाषेचा दिवस ठरवला होता. महिना नववा, तारीख दहा अधिक आठ; या आकड्यांच्या उच्चारांतून ‘कु-तु-बा’ जुळते. जपानीत हाच शब्द ‘कोतोबा’. पाहा, नियम येथेही तोच!

वर्गात एखादे मूल घरच्या बोलीत उत्तर देते, तेव्हा ते खोडण्याआधी त्यातला नियम शोधून पाहावा. प्रमाणभाषा शिकवायची आहेच. त्यासाठी कोणाच्या गळ्यात पाटी कशाला?